मापकयंत्रांची कसोटी आणि प्रमाणकांची भाषा

कारखान्यातील दाबमापकाच्या अंगावर पितळी किंवा पोलादी पट्टी ठोकलेली असते आणि तिच्यावर इतर मजकुराबरोबर ‘अचूकता : ± ०.२५ टक्के’ अशा आशयाची एक ओळ कोरलेली असते. व्याकरणाच्या दृष्टीने ही ओळ म्हणजे वाक्य नव्हे. तिला क्रियापद नाही, आणि ‘कशाच्या ०.२५ टक्के’ हा प्रश्न विचारावा तर षष्ठीचे पदही नाही. तरीही खरेदीचा करार, यंत्राची स्वीकृती आणि पुष्कळदा माणसांची सुरक्षितताही याच अपुऱ्या ओळीवर अवलंबून असते. हे वाक्य पुरे करणे, म्हणजे त्यातील गाळलेली पदे कोणती आणि ती कशी भरावयाची याविषयी उत्पादक, परीक्षक आणि ग्राहक यांच्यात एकवाक्यता घडवून आणणे, हे औद्योगिक मापन व नियंत्रण साधनांच्या परीक्षणविषयक मानकांचे खरे कार्य होय. हा विषय अभियंत्यांचा समजला जातो. परंतु त्याचा गाभा शब्दार्थनिश्चितीचा असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकालाही तो परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम साधनांचा थोडा परिचय करून देणे इष्ट आहे. तेलशुद्धीकरण, खते, कागद, साखर अशा अखंड चालणाऱ्या उद्योगांत दाब, तापमान, प्रवाह व पातळी या राशी सतत मोजाव्या लागतात. ज्या ठिकाणी राशी असते तेथे संवेदक व त्याला जोडलेला ट्रान्समीटर बसवितात. ट्रान्समीटर त्या राशीचे एका ठराविक संकेतात रूपांतर करतो व तो संकेत नियंत्रणकक्षाकडे धाडतो. विजेवर चालणाऱ्या साधनांत हा संकेत बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाचा असतो. आरंभ शून्यापासून न करता ४ पासून करण्यात मोठा शहाणपणा आहे. तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो. ‘दाब शून्य आहे’ आणि ‘यंत्र मुके झाले आहे’ हे दोन अर्थ त्यामुळे एकमेकांत मिसळत नाहीत. मौनालाही वेगळा अर्थ देण्याची ही सोय कोणत्याही चिन्हव्यवस्थेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशा साधनांच्या कामगिरीची परीक्षा कशी घ्यावी याचे सर्वसाधारण नियम आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६१२९८ क्रमांकाच्या मानकात दिलेले आहेत. हा आयोग १९०६ साली लंडन येथे स्थापन झाला व लॉर्ड केल्व्हिन हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. प्रस्तुत मानक १९९५ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि २००८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्याचे चार भाग आहेत. पहिल्यात सर्वसाधारण विचार, दुसऱ्यात संदर्भ-परिस्थितीतील चाचण्या, तिसऱ्यात बाह्य प्रभावांच्या चाचण्या आणि चौथ्यात परीक्षणाच्या अहवालात काय असावे याचे नियम येतात. यंत्र किती चांगले असावे हे हे मानक सांगत नाही. चांगलेवाईटपणा कोणत्या रीतीने मोजावा व कोणत्या शब्दांत सांगावा एवढेच ते सांगते.

आता वर उल्लेखिलेल्या ओळीतील पहिले गाळलेले पद घेऊ. समजा, एका ट्रान्समीटरचा पल्ला ० ते १० बार आहे. ‘०.२५ टक्के’ हे प्रमाण जर संपूर्ण विस्ताराचे, म्हणजे १० बारचे असेल, तर सर्वत्र ०.०२५ बारइतकी त्रुटी क्षम्य ठरते. दाब १० बार असताना ती ०.२५ टक्केच असते. पण दाब १ बार असताना तीच त्रुटी प्रत्यक्ष वाचनाच्या २.५ टक्के होते. उलट हे प्रमाण वाचनाचे असेल, तर १ बारला केवळ ०.००२५ बारची मुभा राहील. एका षष्ठीच्या पदाने दहापटीचा फरक पडतो. म्हणूनच मानकानुसार दिलेल्या अहवालात ‘विस्ताराच्या टक्क्यांत’ असे स्पष्ट लिहिण्याचा दंडक आहे, आणि सुज्ञ ग्राहक जाहिरातीतील टक्क्यांकडे पाहण्याआधी ‘कशाचे?’ असे विचारतो.

दुसरी अडचण ‘अचूकता’ या शब्दाचीच. पट्टीवर जो आकडा असतो तो वस्तुतः चुकीचा असतो, म्हणजे यंत्र किती चुकू शकते याचा असतो. मोठी अचूकता म्हणजे लहान आकडा, हा उफराटेपणा त्यातूनच आला. मराठीत नारळ फोडणे न म्हणता ‘वाढविणे’ म्हणतात, बांगडी फुटली न म्हणता ‘वाढली’ म्हणतात. विक्रेत्यांची ‘अचूकता’ ही त्याच जातीची आहे. आयोगाच्या मानकात म्हणून सरळ ‘अनचूकता’ अशा अर्थाची संज्ञा योजिली आहे. मापनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय शब्दकोश प्रथम १९८४ साली निघाला, आणि त्याची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. ती याहून पुढे जाते. तिच्या मते अचूकता ही राशी नव्हेच आणि तिला अंकात व्यक्त करता येत नाही. एक मापन दुसऱ्याहून अधिक अचूक आहे एवढेच म्हणता येते. अंकात सांगावयाची असते ती त्रुटी किंवा अनिश्चितता. कारखान्यातील बोलीने हा निर्णय अद्याप मानलेला नाही, आणि लवकर मानील असेही दिसत नाही.

अचूकता आणि वाचनांचा परस्परमेळ यांतील भेद विद्यार्थ्यांना नेहमी गोंधळात टाकतो. पाठचिकित्सेचा परिचय असणाऱ्यास तो चटकन समजावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, तिच्या मागे असलेले एक तत्त्व असे की, पुष्कळ हस्तलिखिते एखाद्या पाठाविषयी एकमत असली म्हणजे तो पाठ मूळचा ठरतोच असे नाही. ती सर्व एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरलेली असू शकतात. यंत्राचेही तसेच आहे. एकच दाब दहा वेळा देऊन दहाही वेळा तेच वाचन मिळाले, तर त्याची पुनरावृत्तिक्षमता उत्तम, एवढेच सिद्ध होते. ते वाचन खऱ्या मूल्याशी जुळते की नाही हा प्रश्न निराळाच राहतो. नियंत्रणाच्या कामात कित्येकदा पहिल्या गुणावर भागते. मालाची किंमत मापावर ठरत असेल तेथे दुसऱ्यावाचून भागत नाही.

चाचणीची प्रत्यक्ष रीत अशी. साधन संदर्भ-परिस्थितीत पुरेसा वेळ चालू ठेवून स्थिर होऊ देतात. नंतर पल्ल्यातील ठराविक बिंदूंवर, बहुधा सहा किंवा अकरा, ज्ञात दाब देऊन निर्गम मोजतात. प्रथम खालून वर चढत, मग वरून खाली उतरत. अशा तीन किंवा पाच फेऱ्या करतात. एक अट वरवर क्षुल्लक वाटली तरी कटाक्षाने पाळावी लागते. प्रत्येक बिंदूला त्या फेरीच्या दिशेनेच पोहोचावयाचे, पुढे जाऊन मागे यावयाचे नाही. चार बारऐवजी हात चुकून साडेचार झाले आणि ते कमी करून चारावर आणले, तर ते वाचन चढतीचे राहत नाही, उतरतीचे होते. यंत्राला आपण कोठून आलो याची स्मृती असते, आणि परीक्षा त्या स्मृतीचीच आहे.

एक काल्पनिक परंतु संभाव्य उदाहरण घेऊ. वरील ट्रान्समीटरला ४ बार, म्हणजे विस्ताराच्या ४० टक्के दाब दिला असता आदर्श निर्गम १०.४० मिलिअँपिअर हवा. तीन चढत्या फेऱ्यांत १०.३८, १०.३९, १०.३८ अशी वाचने आली. उतरत्या फेऱ्यांत १०.४२, १०.४३, १०.४२ अशी आली. सहाही वाचनांची सरासरी १०.४०३ भरते. निर्गमाचा विस्तार १६ मिलिअँपिअर असल्यामुळे सरासरी त्रुटी केवळ ०.०२ टक्के झाली. एवढाच आकडा जाहीर केला तर यंत्र अद्वितीय वाटेल. पण आदर्श मूल्यापासून सर्वांत दूरचे वाचन १०.४३ आहे. तेव्हा अनचूकता ०.१९ टक्के ठरते. चढती व उतरती यांतील अंतर ०.०४ मिलिअँपिअर, म्हणजे ०.२५ टक्के आहे. आणि एकाच दिशेच्या वाचनांतील तफावत ०.०१ मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ०.०६ टक्के आहे. यंत्र आपल्या शब्दाला फारसे बदलत नाही. परंतु चढताना ते कमी सांगते व उतरताना अधिक, आणि सरासरीने हा दोष जवळजवळ झाकून टाकला. चारही आकडे खरे आहेत. त्यांतील कोणता सांगावा याची निवड विक्रेत्यावर न सोपविता ते सर्व सांगावयास लावणे हे मानकाचे मर्म आहे.

चढउतारातील या अंतरास ‘हिस्टेरिसिस’ म्हणतात. हा शब्द जेम्स आल्फ्रेड युइंग याने १८८१ च्या सुमारास, तोकियो येथे अध्यापक असताना, लोखंडाच्या चुंबकनाचा अभ्यास करताना बनविला. ग्रीक भाषेतील ‘मागे पडणे, उशिरा येणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून तो घेतला आहे. हिंदी पारिभाषिक कोशांत त्याला ‘शैथिल्य’ असा प्रतिशब्द आहे. मराठीत तो जशाचा तसा उचलणे मात्र धोक्याचे होईल. मराठी कानाला शैथिल्य म्हणजे सैलपणा, ढिलाई. आणि यंत्रात खरोखरीचा ढिलेपणाही असतो. दंतचक्रांतील फट, खिळीतील सैलपणा यांमुळे दिशा पालटल्यावर काही अंतरापर्यंत आदानात बदल होऊनही निर्गम हलतच नाही. या निष्क्रिय पट्ट्याला मानकात स्वतंत्र नाव आहे आणि तो मोजण्याची रीतही स्वतंत्र आहे. चढउतारातील एकूण अंतरात हा पट्टा अंतर्भूत असतो आणि तो वजा केल्यावर पदार्थाच्या स्वभावातून आलेला हिस्टेरिसिस उरतो. पहिला दोष पाना घेऊन दुरुस्त करता येतो, दुसऱ्यासाठी पडद्याचा धातूच बदलावा लागतो. ज्या शब्दाने दोहोंचा बोध होईल तो शब्द दुरुस्ती करणाऱ्याला चुकीच्या ठिकाणी पाठवील. जोवर दोहोंना पृथक् ठेवणारा सुटसुटीत मराठी शब्द रूढ होत नाही, तोवर परकी शब्द नागरी लिपीत लिहिणेच अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

काळाच्या संदर्भातील चाचण्यांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. आदान एकाएकी बदलले असता निर्गम अंतिम मूल्याला किती वेळाने पोहोचतो हे पाहतात. साध्या साधनांत बदलाचा ६३.२ टक्के भाग पुरा होण्यास लागणारा वेळ हा कालांक मानतात. खरे पण उशिरा बोलणारे यंत्र नियंत्रणाच्या कामात खोट्या यंत्राइतकेच उपद्रवी ठरू शकते.

तिसऱ्या भागाचा विषय मात्र विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण गाळलेले सर्वांत महत्त्वाचे पद, म्हणजे ‘कोणत्या परिस्थितीत?’ याचे उत्तर, तेथे आहे. मानकाने गृहीत धरलेली संदर्भ-हवा २० अंश सेल्सिअस तापमानाची व १०१.३ किलोपास्कल दाबाची आहे. हे तापमान युरोपातील प्रयोगशाळेला सहज साधणारे आहे. मुंबईत वा नागपुरात ते वातानुकूलनाखेरीज वर्षातील फार थोडे दिवस मिळेल. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९८७ पासून भारतीय मानक ब्युरो या नावाने ओळखली जाते. तिने चाचण्यांसाठी २७ अंश तापमान व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही प्रमाण हवा ठरविली आहे, ती याच वस्तुस्थितीला धरून. एकाच साधनाची दोन ‘खरी’ प्रमाणपत्रे त्यामुळे किंचित भिन्न असू शकतात. तसे झाले म्हणजे त्यांतले एक खोटे ठरत नाही, त्यांची उपवाक्ये वेगळी असतात इतकेच.

याहूनही सूक्ष्म उदाहरण गुरुत्वाचे आहे. दाबमापकांच्या अंशशोधनासाठी, म्हणजे कारखान्यात ज्याला सर्रास ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात त्यासाठी, डेडवेट टेस्टर हे साधन वापरतात. ज्ञात क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर वजने ठेवून दाब निर्माण करावयाचा, एवढेच त्याचे तत्त्व. पण वजनाचा भार स्थानिक गुरुत्वत्वरणावर अवलंबून असतो. प्रमाण मूल्य ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग असे धरलेले आहे, तर मुंबईत ते सुमारे ९.७८६ आहे. प्रमाण मूल्यानुसार अंकित केलेली वजने मुंबईत दुरुस्ती न करता वापरली, तर प्रत्यक्ष दाब सुमारे ०.२ टक्के कमी भरेल. ज्या ट्रान्समीटरची एकूण मुभाच ०.२५ टक्के आहे त्याची परीक्षा अशा साधनाने घेणे व्यर्थ होय. परीक्षक साधनाची त्रुटी परीक्ष्य साधनाच्या मुभेच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावी, असा जो सर्वसाधारण नियम आहे, त्याचे हेच कारण.

येथे ‘प्रमाण’ या शब्दाकडे वळावेसे वाटते. त्याच्या मुळाशी ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे, आणि मराठीत तो मोजमाप, पुरावा, आदर्श व गुणोत्तर असे चार अर्थ वागवितो. मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. नैयायिकांच्या मते ते बाहेरून, दुसऱ्या ज्ञानाने, ठरवावे लागते. मापनशास्त्र या वादात उघडपणे नैयायिकांच्या बाजूचे आहे. मग त्या दुसऱ्या साधनाचे प्रामाण्य कोणी ठरवावे, त्याला तिसरे साधन लागेल, असा अनवस्थेचा आक्षेप येतो. त्याला मापनशास्त्राचे उत्तर साखळीचे आहे. कारखान्याचे साधन प्रयोगशाळेच्या साधनाशी, ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या साधनाशी, आणि ते शेवटी एककाच्या व्याख्येशी जोडलेले असते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लांकच्या स्थिरांकाच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर आधारलेली आहे. साखळीच्या टोकाला आता वस्तू उरलेली नाही. एक वाक्य आहे.

प्रभावक राशींच्या यादीत परिसराचे तापमान, आर्द्रता, कंप, बसविण्याचा कोन, पुरवठ्याचे व्होल्टेज, विद्युत्चुंबकीय उपद्रव, पल्ल्याबाहेरील दाब अशी अनेक नावे आहेत. एका वेळी एकच राशी बदलून बाकीच्या स्थिर ठेवावयाच्या, ही पद्धत. परंतु प्रक्रियेतील द्रवाची घनता ज्या साधनाच्या तत्त्वातच गुंतलेली आहे, तेथे अर्थाचा घोटाळा किती घातक होतो हे अमेरिकेतील टेक्सस सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी दिसून आले. तेथे १७० फूट उंचीच्या एका मनोऱ्यात यंत्रसंच पुन्हा सुरू करताना द्रव भरला जात होता. पातळी मोजणारा ट्रान्समीटर तळाच्या सुमारे ९ फुटांपुरताच पाहू शकत होता. द्रवात बुडालेल्या दंडावरील उत्प्लावक बल मोजून तो पातळी सांगे. दंड पूर्ण बुडाल्यानंतर ते बल उंचीवर अवलंबून राहत नाही, केवळ घनतेवर राहते. द्रव तापू लागला, त्याची घनता घटली, बल घटले, आणि यंत्राने पातळी हळूहळू उतरत असल्याचे सांगितले. त्यातच त्याचे अंशशोधन जुन्या पत्रकातील, प्रत्यक्षाशी न जुळणाऱ्या घनतेवर झालेले होते. वाचन ७.९ फुटांचे होते त्या वेळी मनोऱ्यात द्रव १५८ फुटांपर्यंत चढलेला होता. पुढे झालेल्या स्फोटात १५ माणसे दगावली आणि १८० जखमी झाली.

यंत्र त्या दिवशी बिघडलेले होते असे म्हणावे काय? दंडावरील बल त्याने आपल्या परीने मोजलेच. त्या बलाला ‘पातळी’ हे नाव ज्या अटींवर दिलेले होते त्या अटी मात्र संपल्या होत्या, आणि कक्षातील पडद्यावर ते नाव तसेच राहिले. परीक्षण-मानकाच्या चौकटीत हा दोष धरता आला नसता, कारण मानक घोषित पल्ल्यातील व घोषित परिस्थितीतील वर्तनाविषयी बोलते. मानकाचा चौथा भाग अहवालात परिस्थितीची, वापरलेल्या साधनांची व न केलेल्या चाचण्यांचीही नोंद मागतो. नमुन्यावरील परीक्षण आणि प्रत्येक नगाची नित्य तपासणी यांत तो भेद करतो. एका नमुन्याविषयी काढलेला निष्कर्ष साऱ्या उत्पादनाविषयीचा म्हणून वाचू नये, यासाठी ही दक्षता आहे.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला इंग्लंडमध्ये हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बन्सफील्ड येथील तेलसाठ्यात टाकी ओसंडून प्रचंड स्फोट झाला व चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. टाकीचा पातळीमापक ३१ ऑगस्टपासून १४ वेळा अडकला होता. शेवटचा आधार म्हणून जो उच्चपातळी-स्विच बसविलेला होता, त्याला तपासणीसाठी एक तरफ होती, आणि तपासणीनंतर ती योग्य जागी धरून ठेवण्यासाठी एक कुलूप लागत असे. बसविणाऱ्यांची व वापरणाऱ्यांची समजूत अशी की, ते कुलूप कोणी छेडछाड करू नये म्हणून आहे. त्याच्यावाचून स्विच निकामी राहतो हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. स्विचला कुलूप लावलेले नव्हते.